मागचे शॉकअप, अस्सल, जोडीने

माणूस पुढे बघून गाडी चालवतो. गाडी मात्र मागून खचते.

*

आजोबा कुठलीही वस्तू आणली तर दोन आणत. दोन छत्र्या, दोन इस्त्र्या, दोन भिंतीवरची घड्याळं (दोन्ही वेगवेगळी वेळ दाखवत, म्हणजे निवडायला वाव राही). आजी मात्र एकच होती. दुसरी ठेवायला जागा नव्हती, असं आजीच सांगायची.

*

बेकरीवाल्याला फुटलेलं अंडं चालत नाही. वास्तविक पुढच्याच मिनिटाला तो ते स्वतःच्या हाताने फोडणार असतो. पण फोडण्याचा अधिकार कोणाचा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

*

रबर पस्तीस वर्षांनी बिस्किटासारखं होतं. बिस्कीट पस्तीस वर्षांनी रबरासारखं होतं. निसर्ग कोणाचं देणं ठेवत नाही.

*

"दात आणि शॉकअप शाबूत असतात तोवर त्यांची आठवण होत नाही," असं एक निवृत्त दंतवैद्य भर सभेत म्हणाले आणि त्यांनी टाळ्या घेतल्या.

*

आपलं अंडं कोणत्या वाहनातून जाणार हे कोंबडीला माहीत नसतं. माहीत असतं तर तिने कवच जरा जाड केलं असतं.

*

वरच्या विधानांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं वाटेल. संबंध आहे. फक्त मधलं रबर गेलं आहे.

प्रकरण १ : वाहन व त्याचे मानवी भाग

जुनी गाडी आणि क्लासिक गाडी यांत फरक असा, की जुनी गाडी रस्त्यात बंद पडली तर मालकाला लाज वाटते. क्लासिक गाडी बंद पडली तर बघणाऱ्यांना अभिमान वाटतो (आणि ते ढकलतात). माझ्या काकांची गाडी क्लासिक आहे. ती आजोबांनी कोरी घेतली, काकांना दिली, आणि तेव्हापासून काकांनी तिच्यात पेट्रोल सोडून काहीही नवीन घातलेलं नाही.

काका विमा कंपनीत दावे फेटाळण्याच्या विभागात होते. शांत, न्यायी, कोणाचंही ऐकून घेणारे. ऐकून घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात एकही दावा फेटाळला नाही.

शॉकअप म्हणजे चाक आणि माणूस यांच्यामध्ये बसवलेली तेलाची नळी. चाकाला बसलेला धक्का ती गिळते आणि कोणाला सांगत नाही. कुटुंबात हे काम साधारणपणे एखादी काकू करते. गाडीत त्यासाठी चार नळ्या लागतात. काकांच्या गाडीच्या मागच्या दोन नळ्या गेल्या. त्या कधी गेल्या हे नक्की सांगता येत नाही, कारण काका पुढे बसतात.

मागे अंडी बसतात. काकूने परसात चाळीस कोंबड्या पाळल्या आहेत. एके दिवशी ती कोणालाही न विचारता बेकरीत गेली, काउंटरवर सहा अंडी ठेवली आणि म्हणाली, "फोडून बघा." बेकरीवाल्याने फोडली, पिवळा बलक बघितला आणि ऑर्डर दिली. काकूच्या नावावर घरात त्याआधी फक्त एक शिवणयंत्र आणि एक दुखरा गुडघा होता. त्यामुळे ऑर्डर मिळाली त्या दिवशी तिने स्वतःसाठी एक हातघड्याळ घेतलं, आणि आजवर घराला वेळ विचारणारी बाई घराला वेळ सांगू लागली.

दर शनिवारी सहा ट्रे, म्हणजे एकशे ऐंशी अंडी, मागच्या सीटवरून बेकरीत जात. काकांनी मागच्या शॉकअपची प्रकृती मोजण्यासाठी हेच माप ठरवलं. सुरुवातीला खेपेला चार फुटत. याला "किरकोळ" म्हणायचं ठरलं. मग अकरा फुटू लागली ("लक्षणीय"). मग सव्वीस ("बोलके"). फुटलेली अंडी घरी परत येत आणि आम्ही ती खात असू. त्या वर्षी आमच्या घरात कोणी उपाशी राहिलं नाही, आणि कोणी आनंदीही राहिलं नाही.

शेवटी बेकरीवाला काकूला म्हणाला, "ताई, अंडं तुमचं सोन्यासारखं आहे. पण मला ते चमच्याने मोजायला लावू नका. महिनाअखेरच्या शनिवारी एक जरी फुटून आलं ना, तर मी दुसरीकडून घेणार."

"एक?" काकू म्हणाली.

"एक म्हणजे एक."

काकू घरी आली आणि काकांना म्हणाली, "अहो, मी त्या चाळीस जणींना काय सांगू?"

काका गंभीरपणे म्हणाले, "सांग, जोडीचा शोध चालू आहे."

प्रकरण २ : मंडळ

अशा शोधात माणूस एकटा नसतो. त्याच्या पाठीशी क्लासिक वाहन जतन मंडळ असतं.

मंडळात काकांच्याच मॉडेलच्या सोळा गाड्या आहेत, आणि सभेला सगळे सभासद बसने येतात. याचं कारण मंडळाचा नियम क्रमांक एक, जो मी पूर्ण देते, कारण त्यात सुधारणा करण्यासारखं काही नाही:

"जो सुटा भाग त्याच मॉडेलच्या दुसऱ्या वाहनातून निघालेला आहे, तोच अस्सल समजण्यात यावा. दुकानातून आणलेला भाग नवीन असल्याने, व नवीन भाग जुना नसल्याने, तो अस्सल समजण्यात येऊ नये."

म्हणजे एका गाडीला अस्सल भाग बसवायचा तर दुसऱ्या गाडीतून तो निघाला पाहिजे. मग त्या दुसऱ्या गाडीसाठी तिसरी शोधायची. अशा रीतीने मंडळाच्या सोळा गाड्यांत मिळून कुठल्याही क्षणी साडेनऊ गाड्या पूर्ण असतात. फक्त त्या एका ठिकाणी नसतात.

अध्यक्ष म्हणजेच वर उल्लेखलेले निवृत्त दंतवैद्य. त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या गाडीचे दोन दरवाजे, बॉनेट आणि हॉर्न एवढंच सध्या त्यांच्याकडे आहे (बाकीचं इतर सभासदांकडे मुक्कामाला आहे), पण ते रोज सकाळी हॉर्न पुसतात. एखादा भाग समोर आला की ते छोट्या गोल आरशाने त्याच्या आत डोकावतात, बारीक हातोडीने टकटक करतात आणि "दुखतंय का?" असं विचारता विचारता थांबतात.

मंडळाचा नियम क्रमांक दोन : "अस्सल भाग चुकीचा निघाल्यास टाकून देऊ नये. तो कोणा ना कोणाचा असतो. अदलाबदलीसाठी वाहनातच जपून ठेवावा."

काका नियम पाळणारे आहेत. वाहनात जपून ठेवायची जागा म्हणजे डिकी.

प्रकरण ३

हे प्रकरण येथे नाही. ते दुसऱ्या एका कथेला तातडीने हवं होतं म्हणून काढून दिलं आहे. गोष्ट त्याच्याशिवाय थोडी हादरत, पण पुढे जाईल.

प्रकरण ४ : शोध

काकांनी मंडळाच्या सूचनाफलकावर, भंगारबाजारात आणि न्हाव्याच्या आरशाला चिकटवून अशी जाहिरात दिली : "पाहिजेत. मागचे शॉकअप, अस्सल, जोडीने." प्रतिसाद अपेक्षेबाहेर आला. माणसांच्या घरात मागचे शॉकअप किती असतात याची शासनाकडे आकडेवारी नाही. असती तर अर्थसंकल्प वेगळा दिसला असता.

आलेल्या जोड्यांपैकी काही उल्लेखनीय :

शववाहिकेची जोडी. स्थिती उत्तम. विकणारा म्हणाला, "वीस वर्षांत एकाही प्रवाशाची तक्रार नाही." लांबी हातभर जास्त. डिकीत.

फोटोवरून मागवलेली जोडी. फोटो मागच्या शॉकअपचा होता. माल पुढच्या शॉकअपचा आला. विक्रेत्याचं म्हणणं, फोटो मागून काढला होता. डिकीत.

दोन्ही डावे. उजवे विकणाऱ्याच्याच भावाकडे आहेत, पण त्याला डाव्यांचं तोंडही बघायचं नाही. भावाभावांचं भांडण आहे. डिकीत.

धुलाईयंत्राची जोडी. (धुलाईयंत्रातही शॉकअप असतात. हे मला ठाऊक नव्हतं. आता आहे, आणि त्याने माझ्या आयुष्यात काही फरक पडलेला नाही.) डिकीत.

डॉक्टरांच्या जुन्या दवाखान्यातल्या खुर्चीखालचा दट्ट्या. एकच. पण भावनेने दिलेला. डिकीत.

आणि सर्वांत महत्त्वाची, मंडळाने एकमताने अस्सल ठरवलेली जोडी. तेच मॉडेल, तेच साल. आत तेल नाही, झडप नाही, एका नळीत दांडाही नाही. डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं आणि सद्गदित होऊन म्हणाले, "पूर्ण पोकळ आहे हो. पण पोकळी अस्सल आहे." ही जोडी समारंभपूर्वक गाडीला बसवण्यात आली. आधीची निघालेली जोडी डिकीत.

गाडीची तपासणी मिस्त्री करत असे. मिस्त्रीची पद्धत शास्त्रीय होती : डिकीच्या झाकणावर बूड टेकवून बसायचं, पाय उचलायचे आणि गाडी किती वेळा उसळते ते मोजायचं. शोधाच्या सुरुवातीला गाडी नऊ वेळा उसळायची. पुढच्या तपासणीला पाच वेळा. नंतर दोन. मग मिस्त्री बसला, पाय उचलले, आणि काहीच झालं नाही. खांबावर बसावं तसा तो बसून राहिला.

"आता उसळतच नाही साहेब," तो काकांना म्हणाला. "सुधारतंय."

"पण मागून फारच खाली गेलीय," मी म्हटलं.

"शॉकअप गेले की जाते खाली."

"आणि तुम्ही बसलाय ती डिकी—"

"डिकी माझ्याकडे नाही," मिस्त्री म्हणाला. "डिकीवाला वेगळा असतो."

(डिकीवाल्याचा शोध घेण्यात आला. तो फक्त समोरून उघडणाऱ्या डिक्या करतो, असं कळलं.)

एव्हाना एकवीस जोड्या आणि एक दट्ट्या डिकीत जपलेले होते, आणि गाडीचं नाक विमानासारखं वर गेलं होतं. काकांना काचेतून रस्ता दिसेनासा होऊन आकाश दिसू लागलं. ते विजेच्या तारांच्या अंदाजाने गाडी चालवत. या काळात त्यांचं पक्ष्यांविषयीचं ज्ञान पुष्कळ वाढलं. मागचा सायलेन्सर रस्त्याला टेकून एक बारीक रेघ ओढत जाई. पुढे पालिकेने तीच रस्त्याची मध्यरेषा धरून पांढरी केली, आणि आमच्या बाजूची चार घरं रस्त्याच्या मधोमध गेली.

मागे जितकं खाली, तितके धक्के जास्त. जितके धक्के जास्त, तितकी अंडी कमी. जितकी अंडी कमी, तितकी नव्या जोडीची निकड मोठी. आणि निकड मोठी म्हणून काका तितक्या जास्त जोड्या आणत. इतका सुसंगत कारभार मी दुसऱ्या कुठल्याही घरात पाहिलेला नाही.

एका शनिवारी काकू ट्रे घेऊन गाडीपाशी उभी राहिली.

"अहो, हे मी डिकीत ठेवू का? सपाट जागा आहे, हलणार नाहीत."

"डिकीत जागा नाही."

"का? काय आहे?"

"शॉकअप."

"मग ते गाडीला लावा की!"

"ते या गाडीचे नाहीत, अगं."

"मग या गाडीत कशाला आहेत?"

हा प्रश्न मंडळाच्या पुढच्या सभेत मांडण्यात आला. प्रश्न मूलभूत आहे, असं मत पडलं, आणि म्हणून तो पुढे ढकलण्यात आला.

प्रकरण ६ : समतुल्य भाग

(प्रकरण ५ सापडलं, पण ते पुढच्या बाजूचं निघालं.)

याच सुमारास एक गोष्ट लक्षात आली. काकू जे ट्रे स्वतःच्या मांडीवर घेऊन बसे, त्यातलं एकही अंडं फुटत नसे. खड्डा आला की ती किंचित उठायची, पुढचा आला की किंचित बसायची, आणि हे सगळं बोलता बोलता, शेजारणीच्या सुनेबद्दलचं वाक्य न तोडता.

काकांनी हे मंडळाला कळवलं. मंडळाने काकूला "समतुल्य धक्काशोषक" म्हणून मान्यता द्यावी का, यावर तीन तास चर्चा झाली. बाजूने : तेलगळती नाही, आवाज कमी (या मुद्द्यावर काकांनी मत राखून ठेवलं), दीर्घ वापरानंतरही उसळी शाबूत. विरुद्ध : सदर भाग कारखान्यातून वाहनाबरोबर आलेला नाही. सदर भागाचं निर्मितीचं साल पडताळावं लागेल. सदर भाग जोडीने उपलब्ध नाही.

साल विचारायला डॉक्टर स्वतः घरी आले. काकूने त्यांना दारातच बघितलं आणि विचारलं, "डॉक्टर, तुमचे दात अस्सल आहेत का हो?"

डॉक्टरांनी पटकन तोंड मिटलं.

"दुकानातून आणलेत ना? नवीन?" काकू म्हणाली. "मग भाकरी चावता की नाही त्यांनी? की दुसऱ्याच्या तोंडातून निघेपर्यंत थांबला होतात?"

डॉक्टरांनी हॉर्न पुसायचा राहिलाय असं सांगून निरोप घेतला. काकूची मान्यता तहकूब झाली. पण प्रश्न तसाही सुटला नसता : मांडीवर दोनच ट्रे मावतात, आणि बेकरीला सहा लागतात. उरलेल्या चारांसाठी आणखी दोन काकू लागल्या असत्या, आणि आमच्याकडे एकच होती. (इथे आजोबांची फार आठवण झाली.)

प्रकरण ७ : महिनाअखेरचा शनिवार

त्या शनिवारी गाडीत खालील बाबी होत्या : चालक म्हणून काका. त्यांच्या शेजारी मिस्त्री, कान देऊन. मागे डावीकडे मी, दोन ट्रे मांडीवर. मध्ये काकू, दोन ट्रे मांडीवर. उजवीकडे डॉक्टर, निरीक्षक या नात्याने, दोन ट्रे मांडीवर आणि काकूकडे न बघता. डिकीत एकवीस जोड्या, एक दट्ट्या आणि जे काय असेल ते.

निघण्याआधी काकू म्हणाली, "थांबा, डिकी नीट लागलीय का बघते."

"दोनदा पीळ दे," काका म्हणाले. "अस्सल मूठ आहे ती. एकदा पिळली तर नुसती लागल्यासारखी वाटते."

"माहितीये मला. पस्तीस वर्षं बघतेय."

ती मागे गेली, मूठ एकदा पिळल्याचा आवाज आला, आणि परत येऊन तिने ट्रे मांडीवर घेतले.

गाडी निघाली. पहिल्या खड्ड्याला डॉक्टरांच्या तोंडातून एक शब्द निघाला, जो निवृत्त माणसाला शोभत नाही. दुसऱ्याला मिस्त्री म्हणाला, "ऐकलंत? बसतायत. हळूहळू बसतायत." काका विजेच्या तारा बघत शांतपणे चालवत होते. मी ट्रेकडे बघत होते. अंडी एकमेकांना हलकेच शिवत होती, गर्दीत ओळखीच्या माणसांनी एकमेकांना खुणा कराव्यात तशी. काकू मात्र आज काही बोलत नव्हती. शेजारणीच्या सुनेचंही नाव नाही. मनगटावरचं घड्याळ तिने पदराखाली झाकून घेतलं होतं.

मग बेकरीच्या अलीकडचा चढ लागला.

चढावर गाडीचं नाक इतकं वर गेलं की काकांना सूर्य दिसला. आणि मागे काहीतरी उघडलं.

पहिल्यांदा शववाहिकेची जोडी गेली, शांतपणे, तिच्या सवयीप्रमाणे. मग दोन्ही डावे. मग धुलाईयंत्राची, गरगरत. मग एकामागून एक सगळे, घसरत, आपटत, उतारावरून गडगडत खाली. दट्ट्या सर्वांत शेवटी. प्रत्येक जोडीगणिक गाडीचं शेपूट वर येत गेलं, अंड्यांवरून कोंबडीने उठावं तसं, आधी जरा संशयाने आणि मग एकदम. नाक खाली आलं. काका दचकून ओरडले, "अरे! रस्ता!"

"कुठंय?" मिस्त्री म्हणाला.

"समोर!"

कित्येक दिवसांनी त्यांची भेट होत होती. पुढचा सगळा रस्ता काकांनी हसत हसत पार केला, आणि वाटेत जे दोन खड्डे आले ते आम्हाला फक्त कळले, लागले नाहीत.

बेकरीवाल्याने सहाही ट्रे लाकडी फळीवर मांडले. एकेक अंडं उचलून उजेडात धरलं. पाचवा ट्रे संपला तेव्हा काकूने माझा दंड पकडला होता. सहावा संपेपर्यंत माझा हात बधिर झाला.

"एकही नाही," बेकरीवाला म्हणाला. मग खात्री म्हणून त्याने एक अंडं वाडग्याच्या काठावर फोडलं.

"एक फुटलं," डॉक्टर सवयीने म्हणाले.

काकूने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. डॉक्टरांनी विधान मागे घेतलं. बेकरीवाल्याने पुढल्या महिन्यापासून आठ ट्रे सांगितले.

प्रकरण ८ : निष्कर्ष

मंडळाच्या चौकशीत यशाचं श्रेय गाडीला बसवलेल्या अस्सल पोकळ जोडीला देण्यात आलं. "शॉकअप बसायला वेळ लागतो," असं मिस्त्रीने साक्षीत सांगितलं. काकांना मंडळाचं मानपत्र मिळालं. डिकी कशी उघडली याचा तपास "मुठीचं वय" या कारणावर थांबवण्यात आला. काकू तपासाच्या वेळी कोंबड्यांना दाणे टाकत होती आणि फार गोड हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक आमच्या दारात येऊ लागले. प्रत्येकाच्या काखेत एकेक जोडी.

"न्हाव्याकडे जाहिरात वाचली," पहिला म्हणाला. "मागचे शॉकअप. द्यायचेत."

काका आनंदाने मला म्हणाले, "बघ, बाजारात माल आला."

काकूने दारातून विचारलं, "याच गाडीचे आहेत कशावरून?"

"कशावरून म्हणजे? याच गाडीतून पडताना मी स्वतः बघितलंय, बाई!"

हा पुरावा बिनतोड होता. मंडळाने तातडीची सभा घेतली. नियम क्रमांक एकप्रमाणे जो भाग या मॉडेलच्या वाहनातून निघालेला आहे तो अस्सल. आणि हे भाग निघताना तर संपूर्ण रस्त्याने पाहिले होते. शववाहिकेची, धुलाईयंत्राची, दोन्ही डावे आणि दंतवैद्याची खुर्ची, सगळ्यांना त्याच दिवशी अस्सलपणाचे दाखले मिळाले. डॉक्टरांचे डोळे पाणावले. त्यांच्या दवाखान्यातलं आणखी काही कशातून निघू शकेल का, याची त्यांनी चौकशी केली.

काका ते सगळं परत डिकीत ठेवायला गेले, तेव्हा डिकीत काकूचे ट्रे होते.

"इथे जागा नाही," काकू म्हणाली.

ट्रे सोडले तर डिकीत तसं काही नव्हतं. चढावर जे पडायचं ते पडलं होतं. तळाशी फक्त एक लांबट लाकडी खोका तेवढा उरला होता, अंगच्या रुंदीने अडकून बसलेला, पत्र्याच्या पट्ट्या मारलेला आणि कारखान्याचं सील लावलेला. तो तिथे पहिल्यापासून आहे, म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही. मंडळाने मागे एकदा पाहणी केली होती, पण त्यावरची धूळ अस्सल असल्याने पुसू नये, असा शेरा पडला. काकूला तो फार सोयीचा झाला. ट्रे त्याच्यावर अगदी सपाट बसतात. आठ शनिवार झाले. एकही फुटलेलं नाही.

एकवीस जोड्या आणि दट्ट्या आता पुढच्या सीटखाली आणि मिस्त्रीच्या पायांपाशी जपलेले आहेत. गाडी हल्ली पुढून जरा खाली गेली आहे. काकांना आता फक्त रस्ता दिसतो, तोही जवळचाच. मिस्त्री बॉनेटवर बसून बघतो आणि मान हलवतो. न्हाव्याच्या आरशावरची जाहिरात बदलली आहे : पाहिजेत, पुढचे शॉकअप, अस्सल, जोडीने. मागच्यांची जाहिरातही काढलेली नाही, कारण पोकळ जोडीवर काकांचा विश्वास असला तरी विम्यातल्या माणसाचा कशावरच पूर्ण विश्वास नसतो. कोणाकडे असतील तर कळवावं. काका स्वतः येऊन, ऐकून घेऊन, मग नाही म्हणतील.

वाचकांपैकी काही जण या मंडळींना हसले असतील. त्यांना मंडळाचं सभासदत्व विनामूल्य देण्यात येईल. पात्रतेची परीक्षा ते आताच उत्तीर्ण झाले आहेत. या कथेत कुठे काय ठेवलं आहे ते अगदी आरंभी सांगितलं होतं. पण आरंभी सांगितलेलं सगळ्यांनी असंबद्ध समजून तळाशी टाकलं, त्यावर बाकीची सहा प्रकरणं रचली (दोन नव्हतीच), आणि शोध करत ते माझ्याबरोबर इथवर आले.

ज्या दिवशी आजोबांनी गाडी कोरी घेतली, त्या दिवशी त्यांनी मागच्या शॉकअपच्या दोन जोड्या घेतल्या होत्या : एक गाडीला बसवून, आणि एक लाकडी खोक्यात.